तर्जनीचं शेवटचं पेर

तबला वाजवणारी माणसं हातांना फार जपतात आणि त्यापायी घरच्यांची बोलणी खातात. मी तर या बाबतीत बदनामच आहे. नारळ मी कधी खवला नाही. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण नवऱ्याने उघडायचं, गाडीचं दार त्यानेच लावायचं, आणि ते लागेपर्यंत मी दोन्ही हात छातीशी धरून उभं राहायचं. लग्नानंतर सासूबाईंनी मला पहिल्यांदा विळीवर सुरण चिरायला बसवलं, तेव्हा माझा चेहरा बघून त्यांनीच मुकाट्याने विळी आपल्याकडे ओढून घेतली. ‘हिच्या हातांचे लाड’ हा आमच्या घरातला कायमचा चेष्टेचा विषय. तर असे लाड पुरवलेल्या उजव्या हाताची तर्जनी माझी कामातून गेली ती गादीखाली चादर खोचताना.

रविवारची सकाळ होती. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमधला पलंग भिंतीला टेकलेला आहे, त्यामुळे त्या बाजूची चादर हात लांब करून, बोटं ताठ ठेवून आत ढकलावी लागते. मी ढकलली. बोटाचं टोक कुठेतरी प्लायवूडला अडलं आणि आत बारीकसं टक्कन झालं. दुखलं म्हणावं तर तेही नाही. हात बाहेर काढून पाहिला, तर तर्जनीचं शेवटचं पेर खाली झुकलेलं. बाकी बोट सरळ, आणि नखाकडचा तेवढा तुकडा मान टाकून बसलेला. डाव्या हाताने उचलला, तर उचलला गेला. सोडला, तर पुन्हा खाली. मी त्याला मनातून, वर हो म्हणून सांगितलं. तो हलला नाही. मग मी राहिलेली चादर खोचली आणि चहा टाकायला गेले.

तेव्हाच डॉक्टरकडे का गेली नाहीस, असं पुढे मला ज्याने त्याने विचारलं. आमच्या लोकांत हाताचं दुखणं डॉक्टरकडे न्यायची रीतच नाही. ज्या गुरुजींकडे मी शिकले, त्यांच्यापाशी सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. बोट सुजलं, रियाज कर. मनगट आखडलं, गरम पाण्यात बुडव, तेल लाव आणि रियाज कर. डॉक्टर आराम करायला सांगतात, आणि आराम केलेला हात गेलाच समजायचा. हे ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो, आणि बहुतेक वेळा त्याचा गुणही आला. म्हणून मी तिळाचं तेल कोमट केलं, बोट चोळलं, वाकवलं, ओढून सरळ केलं, पुन्हा वाकवलं आणि तबल्यावर बसले. रोज.

तबल्यावरचा ‘ना’ हा तर्जनीचा. अनामिका मधल्या काळ्या शाईच्या कडेशी हलकी टेकवायची आणि तर्जनी बाहेरच्या किनारीवर अशी मारायची, की काचेच्या पेल्याला चमचा लागावा तसा स्वर सुटतो. ‘धा’ वाजवायचा तरी उजव्या हातात तोच असतो. माझा ‘ना’ गोड आहे असं लोक म्हणत आले, आणि मला बाकी फारशा गोष्टींचा गर्व नसला तरी याचा होता. आता तो ओल्या फडक्यासारखा निघायला लागला. पावसाळा सरत आला होता, हवेत ओल होती. मी म्हटलं, पुडी उतरली, कातडं सैल पडलं. हातोडी घेतली, वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकले, स्वर चढवला. पुन्हा बसले, पुन्हा फडकं. पुन्हा हातोडी. दोन आठवडे मी बोटाचा राग तबल्यावर काढत होते. तबला बिचारा ताणून ताणून फाटायच्या बेताला आला, पण मला बोटाचा संशय घ्यायचा नव्हता.

कॉलेज रोडला एका कथकच्या क्लासला मी कित्येक वर्षं साथ करते. क्लास चालवणारी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आहे, मला ताई म्हणते, आणि क्लास सुटला की आम्ही दोघी खाली उतरून चहा पितो. एक दिवस चहाचा ग्लास माझ्या हातात देताना तिने बोट पाहिलं. काय झालं म्हणून विचारलं. मी चादरीचं सांगितलं, तेव्हा ती आधी हसली आणि मग हसायची थांबली. दुसऱ्या दिवशी तिनेच नंबर लावला आणि मला स्कूटरवर मागे बसवून हातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझं बोट टेबलावर ठेवून नुसतं टोक उचलायला सांगितलं. मी सगळा जोर लावला. खांदा वर गेला, पण टोक गेलं नाही.

“दोन आठवडे काय करत होतात?”

“मालीश,” मी म्हणाले. “आणि रियाज.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, की बोटाचं टोक वर उचलणारी जी दोरी असते, टेंडन म्हणतात ती, हाडापासून सुटली आहे. सुटलेली टोकं जवळ जवळ ठेवली तर ती आपोआप जुळतात. मी मात्र रोज तेल लावून लावून त्यांना लांब ओढत होते. आता प्लास्टिकची एक छोटी पट्टी, स्प्लिंट, बोटाला बांधायची. रात्रंदिवस. आठ आठवडे तरी, उशीर झालाय म्हणून कदाचित जास्त. आणि एवढ्या काळात ते पेर एकदाही वाकता कामा नये. अंघोळ करताना नाही, झोपेत नाही, पट्टी बदलताना तर नाहीच. एकदा जरी वाकलं तरी जुळलेलं सुटतं आणि पहिल्यापासून सुरुवात.

मी विचारलं, मग वाजवता येईल ना? ते म्हणाले, रोजच्या कामात या सांध्यावाचून तसं फार अडत नाही. मी डाव्या हाताची तर्जनी त्यांच्या टेबलाच्या काचेवर मारून दाखवली, हे असं करायचं असतं, हे एवढंसं पेरच ते काम करतं. तीनतालाच्या सोळाही मात्रांना हेच बोट लागतं. त्यांनी लक्ष देऊन पाहिलं आणि म्हणाले, “बघू.”

त्या ‘बघू’ची मला जी धास्ती बसली, ती सांगता येणार नाही. नाही म्हणाले असते तर निदान रडून मोकळी झाले असते.

पट्टी बांधल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की मी दिवसभर वाजवत असते. कुकरच्या शिट्टीबरोबर वाजवते, रिक्षाच्या इंडिकेटरबरोबर वाजवते, कुणी फोनवर बोलत असलं की गुडघ्यावर वाजवते. तीस वर्षं हे बोट माझ्या परवानगीवाचून हलत आलं होतं आणि आता त्याला थांबवायचं होतं. थोड्याच दिवसांत नवरात्र लागलं. कॉलनीच्या मैदानावर संध्याकाळपासून दांडिया, मोठमोठे स्पीकर, खिडक्या लावल्या तरी ठेका भिंतींतून आत यायचा. पट्टीच्या आत बोट उसळी घ्यायचं. मला ते स्पष्ट जाणवायचं. मी उजवा हात टॉवेलात गुंडाळून मांडीखाली घेऊन बसायचे. लोक बाहेर नाचत होते आणि मी घरात आपल्याच हातावर बसून होते.

झोपेची तर भीतीच बसली. झोपेत काय होईल याचा भरवसा कुणी द्यावा? मी हात उशीवर पालथा ठेवून पडायचे आणि सकाळी डोळे उघडायच्या आधी डाव्या हाताने पट्टी चाचपायचे.

पट्टी धुऊन बदलायची तो एक सोहळाच होता. बोट ओट्यावर सपाट टेकवायचं, नवऱ्याने एका हाताने टोक खालून धरायचं, दुसऱ्या हाताने पट्टी सरकवून काढायची, बोट पुसायचं, नवी पट्टी चढवायची. नवरा अंबडच्या एका कारखान्यात आहे, बारीक मापाचे सुटे भाग तपासायचं त्याचं काम, हात अगदी स्थिर. पण माझं बोट धरताना त्याच्याही कपाळावर घाम यायचा. एकदा पट्टी निघालेली, नवी हातात, आणि त्याला शिंक आली. त्याने तोंड फिरवलं, शिंकला, आणि हात हलला. आम्ही दोघांनी बोटाकडे पाहिलं. ते त्याच्या हातात होतं, सरळ होतं. पण मधल्या क्षणी वाकलं होतं का?

तो म्हणत होता, नाही वाकलं. त्याने सुटूच दिलं नव्हतं. मी म्हणत होते, मला काहीतरी जाणवलं. काय जाणवलं, तो विचारायचा. मला सांगता येईना. मी चिडले, त्याला नाही नाही ते बोलले, शिंक काय थांबवता येत नाही का, असंही बोलले. तो पट्टीची चिकटपट्टी लावत राहिला. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, असं फोनवर कसं सांगणार, पट्टी चालू ठेवा, काढू तेव्हा बघू. पुन्हा ‘बघू’. तेव्हापासून पुढचे सगळे आठवडे मला एकच प्रश्न होता. आत काही जुळतंय, की त्या शिंकेला सगळं सुटलं आणि मी रिकाम्याच बोटाला पट्टी बांधून फिरतेय?

क्लासला मी त्या काळात गेले नाही. क्लास चालवणारी मोबाईलवरचा तबला लावून शिकवत होती. त्यात काही वावगं नव्हतं, तिने मला विचारूनच लावला होता. तरी कॉलेज रोडवरून जायची वेळ आली की मी रिक्षावाल्याला दुसरा रस्ता घ्यायला सांगायचे. मोबाईलचा ‘ना’ मला वरून ऐकू आला असता तर काय झालं असतं कोण जाणे. खरी भीती तीही नव्हती. मी अशी साथ करणारी माणसं पाहिली होती, ज्यांचा हात गेला आहे पण जुना लोभ म्हणून लोक त्यांना बोलावतात. गाणारा लय उतरवून घेतो, अवघड जागा गाळतो, शेवटी ‘वा’ म्हणतो. त्या ‘वा’चा अर्थ बैठकीतल्या सगळ्यांना कळतो. बोट कायमचं गेलं तर मी शिकवीन, तोंडाने बोल म्हणून पढंत सांगीन, काहीतरी करीन. पण मला तसं कुणी सांभाळून घेऊ लागलं तर? आणि मला ते कळलंच नाही तर?

दिवाळीला सासूबाई सटाण्याहून आल्या. त्यांना चादरीची कथा फोनवर कळलेलीच होती. आल्या आल्या त्यांनी माझा हात हातात घेतला, पट्टी उलटसुलट बघितली. मग माझ्या समाधानासाठी म्हणून आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. मधल्या बोटाचं शेवटचं पेर खाली झुकलेलं होतं. थेट माझ्यासारखं. कांद्याची गोणी उचलताना कधीतरी झालं होतं म्हणे, तेव्हा माझा नवरा रांगतही नव्हता.

“तवाचं असंच शे ते,” त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या. “मन्हं काय अडनं?”

त्यांनी धीर द्यायलाच सांगितलं होतं. मी मान हलवली, हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसले. वीस वर्षं या हातची भाकरी मी खाल्ली होती. या हाताने माझ्या बाळंतपणात मला तेल लावलं होतं. आणि हे वाकडं बोट मला एकदाही दिसलं नव्हतं. म्हणजे बोट असं राहतं. जन्मभर राहतं, आणि घरातल्या कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या दिवाळीत सासूबाई चकली मोडत असल्या, दिवा लावत असल्या की माझी नजर सारखी त्यांच्या त्या बोटाकडे जायची. त्यांना ते कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशीपासून त्या माझ्यासमोर उजवा हात पदराखाली ठेवू लागल्या. मला फार लाज वाटली, पण नजर काही हटेना.

पट्टी काढायच्या दिवशी नवऱ्याने सुट्टी घेतली होती. डॉक्टरांनी बोट टेबलावर ठेवलं, पट्टी सोडवली, टोकाखाली आपलं बोट धरलं आणि म्हणाले, आता मी हात काढणार आहे. मी डोळे मिटले. नवऱ्याने माझा खांदा इतका दाबला की मला वाटलं आता तोही निखळतो. मग डॉक्टर म्हणाले, छान. मी डोळे उघडले. बोट हवेत होतं. पांढरं पडलेलं, सुरकुतलेलं, पण सरळ. अगदी सरळ नाही. टोक किंचित खाली होतं, मान खाली घालून कुणी ऐकत असावं तेवढं. डॉक्टर म्हणाले, एवढा फरक राहील, पण दोरी जुळली आहे. नवरा त्यांचे आभार मानत राहिला आणि मी त्या किंचितकडे बघत बसले.

मला वाटलं होतं, आता भीती संपली. ती खरं तर आता हातात आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हळूहळू वाकवा, हळूहळू वाजवा, थोडा थोडा वेळ. मी घरी तबल्यावरचा कपडा काढला, बोट उचललं, आणि ते किनारीच्या वर येऊन थांबलं. खाली जाईना. दुखत नव्हतं, आखडलं होतं पण तेवढं नाही. इतके आठवडे मी त्याला हलू नको, हलू नको म्हणून बजावलं होतं आणि आता ते माझं ऐकत होतं. मी तोंडाने ‘ना’ म्हणायचे आणि बोट वर तसंच. नवरा स्वयंपाकघरातून आवाजाची वाट बघतोय हे मला कळत होतं, कारण तिकडे भांडीही वाजत नव्हती. त्या दिवशी मी कपडा परत घातला.

मग कितीतरी सकाळी तसंच चाललं. पहिला ‘ना’ आला तो अगदी बारीक, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. त्या किंचित वाकण्यामुळे आघाताची जागा बदलली होती, मनगट थोडं फिरवावं लागत होतं. तीस वर्षांत जे मी विचार न करता केलं होतं, ते आता दर खेपेला विचार करून करायचं. विलंबित लयीत ते जमायला लागलं. मध्य लयीतही. द्रुत लयीत मी घरी कधी गेलेच नाही. वेळ आली की बघू, असं म्हणत राहिले, म्हणजे मीही डॉक्टरांचाच शब्द वापरायला शिकले होते.

थंडी पडल्यावर मी क्लासला परत गेले. मुलींनी पाया पडून मला बसवलं, शिकवणारीने मोबाईल बंद करून पर्समध्ये टाकला. तीनताल धरला. ठेका राहिला. मुलींच्या घुंगरांखाली माझा लहानसा ‘ना’ झाकूनही गेला. पायांचा तत्कार झाला, चौपट वेगाची चौगुन झाली, सगळं सुखरूप पार पडलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, की बोट परत आलं. मी खूष होते, आणि त्या खुषीत मला एक साधी गोष्ट दिसत नव्हती.

ती दिसली पुढच्या आठवड्यात. चौगुन संपली की या मुली नेहमी पाण्याच्या बाटल्यांवर तुटून पडतात, दारातल्या वाऱ्याला जाऊन उभ्या राहतात, बोलण्याइतकाही श्वास त्यांच्यात उरत नाही. त्या दिवशी चौगुन संपली आणि दोघी जणी तिथेच उभ्या राहून परीक्षेच्या गप्पा मारायला लागल्या. कुणालाही धाप लागलेली नव्हती. मी डग्ग्यावर हात ठेवून बसले होते. कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

मुली गेल्यावर मी शिकवणारीला विचारलं, लय कमी केलीस का? ती ओढणी कमरेला बांधत होती, ती तिने सोडून पुन्हा बांधली आणि म्हणाली, थोडी. कधीपासून? तर मी परत आले त्या दिवसापासून. मग तीच पुढे बोलली.

“मोबाईल लय सोडत नाही ताई, पण एखादी अडखळली तर तिच्यासाठी थांबतही नाही. मला तुम्ही हव्या आहात. हळू तर हळू.”

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. म्हणूनच मला ते ऐकवेना. तिच्यावर रागवावं तर कोणत्या तोंडाने? मला स्कूटरवर घालून डॉक्टरकडे नेणारी तीच. पण मला जे होऊ नये असं वाटत होतं ते होऊन आठवडा उलटला होता, आणि मी घरी जाऊन बोट परत आल्याचं सांगत होते. चहा पिताना मी तिला एवढंच म्हटलं, की उद्या जुन्या लयीत घे. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं, तोंडाकडे नाही. म्हणाली, बरं.

दुसऱ्या दिवशी तिने टाळी दिली तेव्हाच मला कळलं, माझा हात ही लय विसरला आहे. पहिली काही आवर्तनं निघाली. दुगुनीला मुलींनी जोर धरला, त्यांनाही बऱ्याच दिवसांनी मोकळं वाटत असावं. चौगुनीला बोट मागे राहायला लागलं. मी मनगट फिरवत होते, मात्रा मोजत होते, आणि मोजत असताना वाजवता येत नाही हे ठाऊक असून मोजत होते. टाळी नसलेल्या, खालीच्या जागेला एक ‘ता’ बसकाच पडला. मग सम आली, सगळ्यांनी मिळून गाठायची पहिली मात्रा. सगळ्या मुलींचे पाय एकदम जमिनीवर पडले, घुंगरू वाजून थांबले, आणि त्यांच्या मागून, एकटाच, माझा ‘धा’ आला.

लहान मुलींना काय झालं ते कळलं नव्हतं, मोठ्यांना कळलं होतं आणि त्या पायांकडे बघत होत्या. एवढ्या वर्षांत या खोलीत माझी सम कधी चुकली नव्हती. मला उठून जावंसं वाटत होतं. बोट उघड्यावर सगळ्यांना दिसत होतं आणि मला ते लपवताही येत नव्हतं.

“पुन्हा,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हात वर केला आणि टाळी धरली. त्याच लयीत, जराही न उतरवता.